पहिली प्रोस्टेट बायोप्सी: आत काय होतं, नंतर काय होतं

मंडळी, पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन. त्याचा आकडा 4च्या वर दिसला की माणूस रिपोर्ट हातात धरूनच खचतो. पण पीएसए फक्त कॅन्सरनेच वाढतो असं नाही. वयाबरोबर ग्रंथी मोठी झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, नुकतीच लघवीची नळी घातली असली, तरी तो वाढतो. आकड्याने संशय येतो. निदानासाठी सुईने ग्रंथीचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, हीच बायोप्सी. हल्ली बरेचदा आधी एमआरआय करतात. त्यात संशयाच्या जागेला 1 ते 5 असे गुण देतात. सुई नेमकी कुठे न्यायची ते त्यावरून कळतं, आणि काहींची बायोप्सी टळतेसुद्धा.

तारीख ठरली की चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. "ती छोटी गुलाबी गोळी" म्हटल्याने आम्हाला काही कळत नाही. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी जास्त लक्ष द्या. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी थांबवायची का, किती दिवस आधी, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं. मनाने बंद केलीत तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ते बायोप्सीतल्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

आता आतलं सांगतो. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. बोटापेक्षा थोडी जाड सोनोग्राफीची नळी जेली लावून गुदद्वारातून आत जाते. तेव्हा दुखण्यापेक्षा संकोचच जास्त वाटतो. अंग आवळू नका, तोंडाने सावकाश श्वास सोडत राहा. मग ग्रंथीशेजारी भुलीचं इंजेक्शन देतात, ते चुणचुणतं. त्यानंतर स्प्रिंगवर चालणाऱ्या बंदुकीतून सुई आत जाऊन येते. आवाज होतो 'खट्', स्टेपलर दाबल्यासारखा. पहिल्या आवाजाला लोक दचकतात, म्हणून मी तो आधीच ऐकवून ठेवतो. प्रत्येक वेळी एक पांढुरका, धाग्याएवढा बारीक तुकडा निघतो आणि फॉर्मलिनच्या बाटलीत जातो. असे साधारण 10 ते 12 तुकडे घेतात, एमआरआयमध्ये डाग असेल तर तिथून आणखी काही. बहुतेकांचं काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. काही ठिकाणी सुई अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घालतात. त्या पद्धतीत शौचाच्या मार्गातले जंतू आत जाण्याची भीती कमी असते. तुमची कशी करणार आहेत, ते विचारा.

"सुई लागली की कॅन्सर पसरतो," असं नातेवाईक हमखास सांगतात. प्रोस्टेटच्या बायोप्सीत असं होणं अत्यंत दुर्मिळ आहे. त्या भीतीपायी वर्ष-दोन वर्षं तपासणी टाळून हाडांपर्यंत आजार गेल्यावर आलेली माणसं मात्र मी पाहतो, आणि फार वाईट वाटतं.

घरी गेल्यावर काही दिवस लघवी लालसर होईल, शौचाला थोडं रक्त दिसेल. पाणी भरपूर प्या, जड उचलू नका. कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो: वीर्यात रक्त दिसतं, आधी लाल, मग तपकिरी, आणि ते कित्येक आठवडे टिकू शकतं. त्याने तुम्हाला किंवा पत्नीला काही अपाय होत नाही.

एका गोष्टीची मात्र घरातल्या सगळ्यांना कल्पना देऊन ठेवा. थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीचे 2 वाजले असले तरी दवाखान्यात या. जंतू रक्तात गेले असतील तर काही तासांचाही उशीर महागात पडतो. लघवी पूर्ण तुंबली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तरीही लगेच निघा.

रिपोर्टला आठवडाभर किंवा थोडे जास्त दिवस लागतात. कॅन्सर निघाला तर त्यात ग्लीसन स्कोअर असतो. 6 म्हणजे सर्वांत सौम्य, 10 म्हणजे सर्वांत आक्रमक. 6 वाल्यांपैकी अनेकांना लगेच ऑपरेशन लागत नाही; ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करून लक्ष ठेवलं जातं. कॅन्सर नाही असं आलं तरी पीएसए तपासत राहायचं, कारण कॅन्सरची जागा सुईच्या टप्प्यातून सुटलेली असू शकते.

आणि रिपोर्टच्या कागदावर थांबू नका. पॅथॉलॉजी लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि तुमचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या. पुढे दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलात, तर तिथले डॉक्टर आधी तेच मागतील.