मास्टर टेप कुणाच्या हातात?

मित्रहो, हिप-हॉपमध्ये ‘न आलेला अल्बम’ म्हटलं की अमेरिकन रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रेच्या ‘डीटॉक्स’चं नाव हटकून निघतं. चाहत्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि २०१५ मध्ये त्यानेच सांगून टाकलं, की मला तो आवडला नाही, म्हणून काढला नाही. हे मला पटतं. मनासारखं न उतरलेलं काम स्वतःजवळ ठेवणं हा कलावंताचा हक्क आहे. मला बोलायचंय ते अशा अल्बमबद्दल, जो तयार आहे, करणाऱ्याला तो लोकांपर्यंत पोचवायचाय, आणि तरी तो अडकतो.

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरचे दोन भाऊ, झेव्ह लव्ह एक्स आणि डीजे सबरॉक. त्यांचा रॅप ग्रुप केएमडी. पहिला अल्बम १९९१ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने काढला. दुसरा, ‘ब्लॅक बास्टर्ड्स’, होत आला होता आणि १९९३ मध्ये सबरॉक रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. वय अवघं १९. राहिलेलं काम थोरल्याने, झेव्हने, पुरं केलं. टेप मागे-पुढे करायची, आवाज जुळवायचे, आणि त्यात सारखा धाकट्याचा आवाज. त्याने हे कसं निभावलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग कव्हरचा प्रश्न आला. चित्र झेव्हनेच काढलेलं: फासावर लटकलेला ‘सँबो’. सँबो म्हणजे गोऱ्या अमेरिकेने काळ्या माणसाची टर उडवायला रंगवलेलं जुनं सोंग. त्या सोंगालाच फाशी द्यायची, असा चित्राचा सरळ अर्थ. पण ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या मासिकातल्या एका स्तंभात त्यावर टीका झाली आणि कंपनी बिचकली. तिच्या मालकीण कंपनीने, टाइम वॉर्नरने, १९९२ मध्ये ‘कॉप किलर’ (पोलिसांना मारणारा) या गाण्यावरून मोठा गदारोळ सोसला होता. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे ताकही फुंकून पिणं आलं. १९९४ मध्ये अल्बम रद्द झाला, ग्रुपचा करार संपला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बहुतेक करारांत मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कंपनीच्या मालकीचं असतं. तिने नाही म्हटलं की गाणी लिहिणाऱ्यालाही ती स्वतः काढता येत नाहीत. केएमडीच्या बाबतीत इलेक्ट्राने मास्टर टेपा परत दिल्या. हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं. त्या परत मिळाल्या नसत्या, तर आज आपल्या हातात फक्त चोरट्या कॅसेटी असत्या.

तरीही नवी कंपनी लगेच पुढे आली नाही. झेव्ह काही वर्षं लोकांच्या नजरेआड गेला. परतला तो तोंड झाकून, एमएफ डूम या नावाने, आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ऑपरेशन: डूम्सडे’ हा अल्बम आला. त्या मुखवट्याबद्दल लोक खूप बोलतात. त्यामागे हा अडवलेला अल्बम आणि गेलेला भाऊ आहे, हे मात्र कमी बोललं जातं.

२००१ मध्ये ‘ब्लॅक बास्टर्ड्स’ पूर्ण स्वरूपात अधिकृतपणे बाजारात आला. सबरॉकला जाऊन आठ वर्षं झाली होती. कव्हरवर तेच चित्र होतं.