लोण्यातलं पाणी किती, यापेक्षा ते कसं

मंडळी, पत्रिकेत विषय ‘चुंबकीय अनुनादाने थेंब मोजणे’ असा आहे, पण सुरुवात मी लोण्यापासून करणार. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजी मे महिन्यात पहाटेच रवी घेऊन बसायची. तिथलं ऊन चढलं की लोण्याचा गोळाच धरत नाही. गोळा आला की थंड पाण्यात धुवायची आणि अंगठ्याने दाबायची. पाण्याचे मणी फुटले की म्हणायची, “रडतंय अजून.” मणी थांबेपर्यंत मळत राहायची. त्या मळण्याने सगळं पाणी जात नसे हो! उरलेलं बारीक होऊन आत विखुरत असे.

नोकरीत असताना एका कारखान्याच्या बटरला भर उन्हाळ्यात आंबूस वास आला. तपासणीचा कागद स्वच्छ. पाणी १६ टक्क्यांच्या आत, म्हणजे नियमात. साहेब म्हणाले, “मग दोष दुकानदाराच्या फ्रिजचा.” मी परोपरीने सांगत होतो, साहेब, पाणी किती ते सोडा, केवढ्या थेंबांत आहे ते बघा. जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. ४-५ मायक्रॉनच्या थेंबात त्याला ना जागा पुरते, ना अन्न. तेच पाणी मोठ्या थेंबांत असेल तर त्याची चंगळ! पण पुरावा कुठून आणणार? बटर स्लाइडवर घेतलं, कव्हरस्लिप दाबली, आणि दाबतानाच दोन थेंबांचा एक झालेला मी डोळ्यांनी पाहिला. लेझरने मोजायचं तर नमुना पातळ करावा लागतो, म्हणजे बटर वितळवा. जे मोजायचं तेच मोडायचं! भुर्दंड त्या दुकानदाराला पडला. मला ते आजही सलतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. थेंब न मोडता मोजणारा हा चुंबकीय अनुनाद कसा चालतो, ते भरभर सांगतो.

मोकळ्या पाण्यातला रेणू २५ अंशांना सेकंदाच्या दहाव्या भागात एका दिशेने साधारण २० मायक्रॉन सरकतो. ५ मायक्रॉनच्या थेंबात कोंडला तर भिंतीला आपटून तिथेच घुटमळतो. आता नमुना नळीत भरून चुंबकात ठेवा, रेडिओ लहरीने पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं झुकवा आणि चुंबकीय क्षेत्राला झटक्यासरशी क्षणभर उतार द्या, म्हणजे एका टोकाला ते जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. प्रत्येक रेणूवर त्याच्या जागेची खूण उमटते. थोडं थांबून दिलेला उताराचा दुसरा झटका ती पुसतो. जागेवर राहिलेल्याची खूण पुरती पुसते, तो प्रतिध्वनीत, म्हणजे केंद्रकांकडून परत येणाऱ्या संकेतात, सामील होतो. दूर गेलेल्याचा सूर बिघडतो. म्हणून थेंब जितके लहान, तितका प्रतिध्वनी जास्त उरतो. ही झटक्यांची जोडी स्टेस्कल आणि टॅनर यांची, १९६५ची. गोलात कोंडलेल्या रेणूंचं गणित मर्डे आणि कॉट्स यांचं, १९६८चं. आणि लहानमोठे थेंब मिसळलेले असताना त्यांची विभागणी काढून दाखवली पॅकर आणि रीस यांनी, १९७२ साली.

याला नमुना पारदर्शक लागत नाही, पातळ करावा लागत नाही. टेबलावर मावणारं यंत्र पुरतं. मोजून झाल्यावर नळीतलं बटर जसंच्या तसं असतं. आठवडाभर उन्हाळी गोदामात ठेवा आणि तीच नळी पुन्हा मोजा, थेंब वाढले की नाही ते कळेल.