आधी ऊब, मग पाणी, मग खाणं

बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. पत्रिकेवर विषय छापलाय भटक्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी, त्यावर येतेच मी, पण आधी गुंडीचं, म्हणजे मला सापडलेल्या पिल्लाचं, सांगते.

मागच्या जुलैत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या कडेला एक पिल्लू पडलेलं, महिन्याभराचं असेल, वरून पाऊस. शेजारी करवंटीत दूध आणि त्यात भिजून लगदा झालेली बिस्किटं. कुणीतरी मायेनंच ठेवलं होतं. पण उचललं तर अंग गारठलेलं, मान धरत नव्हतं, हिरड्या पांढऱ्याफटक, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. म्हणजे अंगात पाणीच नाही. आणि कानात गोचिडी, अगदी भुईमुगाचे दाणे ओळीनं चिकटवल्यासारख्या.

आता हे नीट ऐका, ह्याच्यासाठीच मी गावोगाव बोलत फिरते. गारठलेल्या पिल्लाला खायला घालायचं नाही! त्याचं पोट तेव्हा चालत नसतं, बळंच पाजलं तर घोट फुफ्फुसात जातो. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, 101 ते 102.5 फॅरनहाइट. म्हणून आधी ऊब. मी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवली, अंग कोमट झाल्यावर बोटानं हिरड्यांना साखरपाणी चोळलं आणि रिक्षा करून दवाखाना गाठला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, दूध पाजलंत का? कारण गाई-म्हशीचं दूध पिल्लांना झेपत नाही, जुलाब लागतात, आणि आधीच सुकलेलं पिल्लू जुलाबानं हातचं जातं. त्यांनी खांद्याजवळ कातडीखाली सलाईन दिलं तर तिथं उंटासारखं मदार आलं, मी घाबरलेच, पण संध्याकाळपर्यंत सगळं जिरलं. गोचिडी त्यांनी चिमट्यानं एकेक काढल्या. आमच्याकडे लोक रॉकेल लावतात हो, कृपा करून लावू नका, पिल्लू ते चाटतं आणि विषबाधा होते.

मग पिल्लांची दुधाची पावडर, आणि दोन दिवसांनी मऊ भात न् उकडलेली कोंबडी कुस्करून, दर तीन तासांनी दोन-दोन चमचे. भुकेलंय म्हणून वाटीभर द्यायचं नाही. रात्री गजर लावून उठायचे. चौथ्या पहाटे वाटीचा आवाज आला आणि गोणपाटाखाली शेपटी हलली, एवढीशी, मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत म्हणे. बरं. पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराची, लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, एक डोस देऊन थांबू नका. रेबीजची तीन महिन्यांनंतर. रस्त्यावरचं पिल्लू चावलं, ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन, हळद-चुना काही नाही.

आणि नसबंदी. कुत्री साधारण 63 दिवसांत विते, वर्षात दोनदाही. 2023 च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी पालिका-पंचायतींची आहे, तेव्हा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुंडीची आई आमच्याच गल्लीत होती, पुन्हा पोटुशी राहायच्या आत तिला न्यायचं होतं पण ती कुणाच्या हाताला लागेना. शेवटी गुंडीचं गोणपाट पिंजऱ्यात अंथरलं, तेव्हा वास घेत घेत आपणहून आत गेली.