बौद्ध धर्माचा इतिहास शिकताना: सुरुवात अशोकापासून

मित्रहो, बौद्ध धर्माच्या इतिहासाचा पहिलाच अभ्यासक्रम तुम्ही निवडला आहे. कुणी श्रद्धेपोटी आलं असेल, कुणी ध्यानाच्या ओढीनं, कुणाला तत्त्वज्ञानाचं कुतूहल असेल. या तिन्ही वाटांनी आलेल्यांना मी आज एकच गोष्ट सांगणार आहे. हा इतिहास कोणत्या टोकाकडून वाचायला घ्यायचा, ते पहिल्या आठवड्यातच ठरवा.

पाठ्यपुस्तकाचं पहिलं प्रकरण बहुधा सिद्धार्थाच्या जन्मापासून सुरू होतं. ते जरूर वाचा. पण इतिहास म्हणून पाय टेकायला पक्की जमीन लागते, आणि ती बुद्धानंतर बऱ्याच काळानं, अशोकाच्या लेखांत मिळते. काळ निश्चित सांगता येईल असा बौद्ध धर्माचा सर्वांत जुना लेखी पुरावा हाच. श्रीलंकेच्या परंपरेप्रमाणे त्रिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा ग्रंथसंग्रह, लिहून काढलं गेलं ते इ.स.पू. पहिल्या शतकात. तोवर पिढ्यानपिढ्या भाणकांनी, म्हणजे ग्रंथ पाठ करून म्हणणाऱ्या भिक्षूंनी, ते मुखोद्गत ठेवलं होतं. म्हणून मी म्हणतो, आधी अशोकापाशी उभे राहा आणि तिथून मागे वळून बघा.

बुद्धाचा काळच घ्या. श्रीलंकेचे ग्रंथ सांगतात की बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर, म्हणजे मृत्यूनंतर, 218 वर्षांनी अशोकाला अभिषेक झाला. उत्तरेकडच्या, संस्कृत आणि चिनी भाषांतरांतून आलेल्या परंपरेत हेच अंतर 100 वर्षांचं आहे. अशोकाचा काळ मात्र स्वतंत्रपणे ठरवता येतो, कारण तेराव्या शिलालेखात त्यानं अँटिओकस, टॉलेमी, अँटिगोनस, मॅगस आणि अलेक्झांडर या पाच ग्रीक राजांची नावं दिली आहेत. हे पाचही इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यावरचे. त्यावरून अशोकाचा अभिषेक साधारण इ.स.पू. 268 चा धरतात. आता वहीत हिशेब मांडा: एका परंपरेनं परिनिर्वाण इ.स.पू. 486 च्या आसपास येतं, दुसरीनं 368 च्या. आज बरेच अभ्यासक इ.स.पू. 400 च्या आगेमागे थांबतात. परीक्षेत सनावळी लिहाल तेव्हा ती कुठल्या साखळीतून आली हेही लिहा. गुण मिळोत न मिळोत, विषय समजलेला असेल.

आता गृहत्याग. मध्यरात्र, झोपलेली पत्नी आणि बाळ, कंथक घोडा, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. मज्झिमनिकाय या त्रिपिटकातल्या सुत्तसंग्रहात, अरियपरियेसन सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश), बुद्ध स्वतःच्या तोंडून सांगतात ते असं: ऐन तारुण्यात, काळेभोर केस असताना, आईवडिलांची इच्छा नसताना, ते अश्रू ढाळत असताना मी केस-दाढी उतरवली, काषाय वस्त्रं घातली आणि घर सोडलं. इथे रात्र नाही, घोडा नाही, चोरून जाणं नाही. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं दीघनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात सविस्तर येतात, पण तिथे ती विपस्सी या प्राचीन बुद्धाच्या आयुष्यातली म्हणून सांगितली आहेत. आपल्या ओळखीचं सलग, भरघोस चरित्र अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’सारख्या काव्यांत दिसतं, आणि ती बुद्धानंतर काही शतकांनी आली. ही दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून वाचा. रडणाऱ्या आईवडिलांसमोरून निघालेला तो तरुण मला स्वतःला फार जवळचा वाटतो.

श्रद्धेनं आलेल्यांना इथे प्रश्न पडतो की अशानं मग उरतं काय. त्यांची काळजी मी मनापासून समजू शकतो. बोधिवृक्षाखाली काय घडलं, याचा निवाडा हा अभ्यासक्रम करत नाही. एखादी कथा कोणी सांगितली, कुठे, कोणासाठी आणि केव्हा, एवढंच तो विचारतो. चार दृश्यांची कथा दोन हजार वर्षं लोकांनी जिवापाड जपली, शिल्पांत कोरली, भिंतींवर रंगवली. हे जपणं हीसुद्धा इतिहासातली ठोस घटना आहे.

ग्रंथ आणि दगड यांचं कुठे जुळतं, कुठे बिनसतं, हे पाहायला सांचीसारखी जागा नाही. विनयपिटकानुसार, म्हणजे त्रिपिटकातल्या संघनियमांच्या भागानुसार, भिक्षूनं सोनं-रुपं स्वीकारायचं नाही. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या महासभेत, वादाच्या दहा मुद्द्यांपैकी एक हाच होता. आणि सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर, फरशीवर कोरलेले शेकडो छोटे दानलेख पाहा. अमक्या गावच्या अमक्याचं दान, एवढाच मजकूर. देणाऱ्यांत गृहस्थ आहेत, व्यापारी आहेत, बायका आहेत, आणि भिक्षू-भिक्षुणीही मोठ्या संख्येनं आहेत! ज्यांच्याजवळ काही नसायचं, त्यांनी दगड घडवून घ्यायला दिलं कुठून? नातेवाइकांकडून मिळवलं की नियम सगळीकडे सारखा पाळला जात नव्हता? अभ्यासकांचे यावर मतभेद आहेत आणि वर्गात यावर खुशाल भांडा. दक्षिण तोरणावरचा एक लेख तर मला विशेष प्रिय आहे: विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी हे कोरीवकाम केलं, असं तो सांगतो. ही माणसं कुठल्याही सुत्तात भेटत नाहीत.

सारनाथ, सांची आणि कौशांबीच्या स्तंभांवर अशोकाची आणखी एक आज्ञा आहे. जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडेल, त्याला पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर राहायला लावावं. राजाला असं दगडावर कोरावं लागलं, म्हणजे फूट पडण्याची भीती खरी होती. पुढे निकायांची, म्हणजे इथे संघातल्या पंथांची, लांबलचक यादी तुमच्यासमोर येईल. तिची घोकंपट्टी करू नका. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग काय नोंदवतो ते लक्षात ठेवा. महायानी आणि इतर भिक्षू एकच विनय पाळतात. बोधिसत्त्वांना वंदन करून महायान सूत्रं वाचणारे ते महायानी, एवढाच त्यानं दिलेला फरक. फळ्यावरच्या तक्त्यात दिसणाऱ्या भिंती विहारात तितक्या उंच नव्हत्या.

चीन, तिबेट, जपान, आग्नेय आशिया हे सगळं एका सत्रात उरकावं लागतं, त्याला इलाज नाही. त्यातल्या त्यात भाषांतराचा इतिहास सोडू नका. 401 मध्ये चीनमधल्या चांगआनला पोहोचलेला कुमारजीव, 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतलेला ह्युएनत्संग, आणि पुढे तिबेटी पंडित, यांच्यामुळे मूळ संस्कृतात नाहीसे झालेले कितीतरी ग्रंथ आज आपल्याला वाचता येतात.

शेवटच्या आठवड्यात ‘भारतातून बौद्ध धर्म का लोपला’ हा प्रश्न येईलच. बहुतेक उत्तरं नालंदेच्या विध्वंसापाशी येऊन संपतात. विध्वंस झाला, तो भयंकर होता. पण 1234 च्या सुमारास तिबेटी यात्री धर्मस्वामी नालंदेला पोहोचला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र तिथे सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. हल्ला होणार अशी बातमी आली, तेव्हा त्यानं आपल्या म्हाताऱ्या गुरूंना पाठीवर घेऊन सुरक्षित जागी नेलं. दक्षिणेत नागपट्टणमचा विहार त्यानंतरही टिकून होता. त्यामुळे उत्तर लिहिताना आधी प्रदेश लिहा, मग शतक, आणि कारणांकडे त्यानंतर वळा. राजाश्रय, व्यापारी मार्ग, गावातल्या उपासकांशी विहारांचं नातं यांची गणितं बंगालमध्ये वेगळी होती, तमिळ किनाऱ्यावर वेगळी आणि सिंधमध्ये आणखी वेगळी.