प्रवेश अर्जातला अभ्यासपद्धतीचा रकाना

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की घरात दोन गोष्टींची चर्चा होते, कॉलेज कुठलं आणि शाखा कुठली. शिकवणार कोणत्या पद्धतीनं, नियमित, दूरस्थ की ऑनलाइन, हे बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं. अर्जात त्यासाठी एक लहानसा रकाना असतो. पुढची तीन-चार वर्षं हजेरी लागणार का, परीक्षा कशी होणार, सोबत दुसरी पदवी करता येईल का, हे सगळं त्या रकान्यावर अवलंबून असतं.

नियमित पद्धतीचा हिशेब श्रेयांकांवर चालतो. श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत, ते कामाच्या तासांचं माप आहे. तासिकांच्या विषयाला 1 श्रेयांक म्हणजे सत्रभरात 15 तास आणि प्रात्यक्षिकाला 30 तास. म्हणजे 4 श्रेयांकांचा विषय 60 तासांचा झाला. 75 टक्के हजेरीचा नियम असेल, तर त्यातले 45 तास वर्गात बसावंच लागतं. आजारपणामुळे तासिका बुडाल्या तर डॉक्टरांचा दाखला त्याच आठवड्यात कार्यालयात द्या आणि पोच घ्या. परीक्षेच्या तोंडावर आणलेल्या दाखल्यावर विश्वास ठेवणं कॉलेजलाही अवघड जातं.

दूरस्थ शिक्षणात छापील पुस्तकं, अभ्यासकेंद्र आणि सुटीच्या दिवशीची संपर्कसत्रं असतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू 1985 पासून हे काम करत आहे. ऑनलाइन कार्यक्रमात पाठ, स्वाध्याय, शंकासमाधान असं सगळं संगणकावरच होतं. विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असेल, तर या दोन्ही पद्धतींच्या पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या मानल्या जातात. यातला ‘त्या अभ्यासक्रमाला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विद्यापीठाचं नाव मान्यता यादीत असतं, पण तुमचा अभ्यासक्रम किंवा तुमचं प्रवेशसत्र त्यात नसतं, असं होऊ शकतं. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्ही गोष्टी पाहा. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीनं देता येत नाहीत. कुणी तसं सांगत असेल तर तिथून सरळ बाहेर पडा. शुल्कही एखाद्या मध्यस्थ क्लासच्या खात्यात न भरता थेट विद्यापीठाकडे भरा. 2024 पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या याच विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक, लागतो. तो काढायला आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन बँकेतल्या आपल्या खात्याचा, क्रमांक हवा.

दूरस्थ शिक्षण म्हणजे फक्त परीक्षेला बसायचं, या समजुतीनं फार नुकसान होतं. इग्नूच्या अनेक पदव्यांत सत्रांत परीक्षेला 70 टक्के आणि स्वाध्यायाला 30 टक्के भार असतो आणि दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. शिवाय स्वाध्यायाचे प्रश्न सत्रागणिक बदलतात. ताईनं गेल्या वर्षी सोडवलेले प्रश्न उतरवून दिले, तर ते मेहनतीनिशी वाया जातात. पुढच्या वर्षाची फेरनोंदणीही आपणच मुदतीत करायची असते, निकालाची वाट पाहत थांबायचं नसतं.

नियमित पदवी करतानाही काही विषय ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून करता येतात. आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे घेता येतात. मात्र आधी कॉलेजची मंजुरी घ्या. आधी कोर्स करून मग प्रमाणपत्र घेऊन गेलात, तर श्रेयांक मिळतीलच असं नाही. नोंदणी मोफत असते, पण परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि पुष्कळ मुलं तिथेच चुकतात. एनपीटीईएल म्हणजे आयआयटींनी ‘स्वयम’वर चालवलेले कोर्स; त्यांच्या 12 आठवड्यांच्या कोर्समध्ये 12 पैकी सर्वांत चांगल्या 8 स्वाध्यायांचे 25 गुण धरतात, परीक्षेचे 75. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी किमान 10 आणि 75 पैकी किमान 30 हवेत. स्वाध्यायात 24 आणि परीक्षेत 29 पडले, तर बेरीज 53 होऊनही प्रमाणपत्र हातात येत नाही.

दोन पदव्या एकाच वेळी करायला आयोगानं 2022 मध्ये वाट मोकळी केली. दोन्ही नियमित असतील तर वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन, असंही चालतं. पीएचडीला ही सवलत नाही. अडचण येते ती कागदांची, कारण शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो पहिल्या कॉलेजात जमा झालेला असतो, आणि दुसरीकडेही मूळ प्रतच मागितली जाऊ शकते. हे प्रवेशाआधी दोन्हीकडे विचारून लेखी उत्तर घ्या.

आता श्रेयांकांच्या बँकेविषयी. तिथे आपण काही भरायचं नसतं, श्रेयांक विद्यापीठ जमा करतं. ते साधारण 7 वर्षं टिकतात, त्यामुळे मध्ये शिक्षण थांबलं तरी परत येता येतं. आपल्याकडे पहिल्या वर्षाचे 40 ते 44 श्रेयांक आणि त्यावर 4 श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण केली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं.

पण खातं उघडतानाच नाव अडतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. आधारवर स्वतःचं नाव आधी, वडिलांचं नाव काही वेळा नसतंच किंवा त्याचं नुसतं आद्याक्षर असतं. यंत्रणेला ही दोन माणसं वाटतात. म्हणून अर्ज उघडण्यापूर्वी आधार आणि गुणपत्रिका शेजारी ठेवा, इंग्रजी स्पेलिंग एकेका अक्षरानं ताडून पाहा, जन्मतारीख आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे का तेही बघा. फरक दिसला तर आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्या, आणि ती प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी. नमस्कार.