पोस्टरवर तारीख छापा

(ठाण्यात रंगकर्मी आणि चित्रकलेचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पोस्टरनं कला वाचत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोस्टरनं तिकिटं खपतात किंवा खपत नाहीत, एवढंच. संकट सरल्यावर निघणाऱ्या मोहिमा हे विसरतात. जोडलेल्या हातांचं चित्र काढायचं, खाली ‘रंगभूमी जगवूया’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. ते वाचून माणूस हळहळतो आणि घरी जातो. कुठे जायचं, कधी जायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

करोनाचा काळ आठवा. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली. 5 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या आसनक्षमतेची परवानगी आली. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. ते निघालं 22 ऑक्टोबर 2021 ला, तेही निम्म्याच खुर्च्यांसाठी. आता त्या निम्म्या खुर्च्यांचा हिशेब मांडा. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला प्रयोग लावला, तर सेटचा टेम्पो अर्धा येत नाही. बस अर्धी येत नाही. नटांची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, लाइट, बॅकस्टेजची माणसं, सगळं पूर्णच लागतं. म्हणजे उरलेल्या खुर्च्यांतली एकही रिकामी राहणं परवडणारं नव्हतं.

अशा वेळी प्रेक्षकाच्या मनात काय चाललेलं असतं? आईला घेऊन जाऊ का? शेजारची खुर्ची खरंच मोकळी ठेवतात का? ऐन वेळी प्रयोग रद्द झाला तर पैशांचं काय? त्याचं नाटकावरचं प्रेम आटलेलं नसतं, त्यामुळे प्रेमाची आठवण करून देण्यात अर्थ नाही. मी तर म्हणेन, ‘प्रयोग रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत’ ही ओळ घोषणेच्या जागी, घोषणेच्या आकारात छापावी. निर्माते कुरकुरतील. कुरकुरू देत.

या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. महामंदीत, 1935 मध्ये, तिथल्या सरकारनं फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि बेकार चित्रकारांना पगारावर घेतलं. त्याच योजनेतून पोस्टरं निघाली. सुमारे 35,000 डिझाइनं, प्रती 20 लाखांच्या आसपास. आज त्यातली जेमतेम 2,000 पोस्टरं शिल्लक आहेत. अँथनी व्हेलोनिस नावाच्या कलावंतानं तिथे सिल्कस्क्रीन, म्हणजे जाळीतून रंग दाबून छापायचं तंत्र, आणलं आणि हातानं एकेक पोस्टर रंगवण्याचा वेळ वाचला. सिल्कस्क्रीनला दर रंगाची जाळी वेगळी, म्हणून रंग मोजके, आकार ठसठशीत. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते विषय. नाटकाचा प्रयोग, चित्रांचं प्रदर्शन, राष्ट्रीय उद्यान, क्षयरोगाची तपासणी. चित्रकारांनी स्वतःच्या हलाखीचं चित्र काढत बसण्याऐवजी लोकांच्या उपयोगाचं काहीतरी सांगितलं आणि त्या कामाचे पैसे घेतले. कलेला हात द्यायचा तर असा. मोहिमेचं डिझाइन ‘सहभाग’ म्हणून फुकट मागणाऱ्या संस्थेला कलेच्या पुनरुज्जीवनावर बोलायचा अधिकार नाही. (टाळ्या) टाळ्या नकोत, पुढच्या वेळी बिल पाठवा.

आपल्याकडे ही परंपरा अक्षरांची आहे. कमल शेडगे यांनी शेकडो नाटकांची शीर्षकं रेखली. वर्तमानपत्रातल्या दोन कॉलमांच्या जाहिरातीत नुसत्या अक्षराच्या वळणावरून नाटक विनोदी आहे की गंभीर, हे कळायचं. जुलै 2020 मध्ये ते गेले तेव्हा नाट्यगृहं बंदच होती. फ्लेक्स आल्यापासून बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचं काम गेलं, ते तर करोनाच्याही आधी. संकट म्हटलं की आपण रोगाचं नाव घेतो, पण हे दुसरं संकट संथपणे चालूच होतं. म्हणून माझा आग्रह असा, की मोहिमेतली निदान शीर्षकं तरी हातानं रेखलेली असावीत.

देवनागरीचं एक पथ्य आहे. वर वेलांटी, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की त्या एकमेकींत अडकतात. ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त जागा सोडा. बारीक रेघांचा फॉन्ट स्क्रीनवर देखणा दिसतो, पण ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून लोकल गाठायला निघालेल्या माणसाला तो दिसतच नाही. त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात नाव, तारीख, वेळ, नाट्यगृह. पाचवी गोष्ट घालायचा मोह होतो, तो आवरा. प्रायोजकांचे लोगो एका ओळीत, तळाला.

घोडबंदरच्या सोसायट्यांसाठी मात्र वेगळं पोस्टर करा. लिफ्टची वाट बघणारा माणूस निवांत असतो. तिथे तपशील चालतो: घाणेकर नाट्यगृहात किती वाजता पोचायचं, परतीला बस कुठून. ए-थ्री आकार पुरतो. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाचा प्रेक्षक ऐरोलीहून येणार, तसाच पनवेलहूनही, तर त्याला आधी जवळचं स्टेशन सांगा.

आणि लावायचं कुठे? तलावपाळीचा कठडा, झाडं, विजेचे खांब, हे सगळं मनातून काढून टाका. 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा नाटकवाल्यांना सूट देत नाही. स्टेशनच्या आवारात रेल्वेची परवानगी, रस्त्यावर महापालिकेची. सोसायटीत सेक्रेटरीला भेटायचं. तो बहुधा एक आठवड्याची मुदत देतो आणि पोस्टर टेपनं लावायचं की टाचणीनं, यावर अर्धा तास बोलतो. ते ऐकून घ्या, कारण प्रयोग झाल्यावर पोस्टर उतरवायला तुमचाच माणूस गेला, तर पुढच्या नाटकाला तोच सेक्रेटरी फळा रिकामा ठेवतो. उतरवण्याच्या मजुरीचे पैसे बजेटमध्ये आजच धरा.