वास आला म्हणजे झालं नाही

(दृश्य: स्टँडला अडकवलेला गोलबुडाचा चंबू, वर उभा कंडेन्सर)

आज बनवायचंय आयसोअमाइल ॲसिटेट: आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारं एक एस्टर. १५ मिलिलिटर आयसोअमाइल अल्कोहोल. २० मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. आणि हळूहळू सोडलेलं ४ मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल. हीटर अजून बंदच आहे, तरी चंबू गरम झालाय. तळाला पोर्सिलीनचे तुकडे आहेत, म्हणजे उकळी उसळणार नाही.

आता तासभर रिफ्लक्स. वाफ वर चढते, थंड काचेवर थेंब धरतात, पुन्हा खाली उतरतात. तुम्हाला वीस सेकंदच दाखवतोय.

१८९५ साली एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांनी मांडलेली ही रीत. आम्ल आणि अल्कोहोल जोडले जातात, पाणी बाहेर पडतं. पण हेच पाणी तयार झालेलं एस्टर पुन्हा फोडतंही. दोन्हींचे सारखे मोल, म्हणजे सारख्याच संख्येनं रेणू घेतले, तर साधारण दोन-तृतीयांशावर क्रिया अडते. म्हणून इथे ॲसिटिक आम्ल मोलच्या हिशेबात अडीचपट घेतलंय.

(दृश्य: चंबू उघडताना)

पिकलेल्या केळ्याचा वास. मधमाशी डंख मारताना सोडते त्या इशाऱ्याच्या गंधातही मुख्यतः हाच रेणू असतो, तेव्हा या हातांनी पोळ्याकडे न गेलेलं बरं.

कित्येक प्रयोगवह्या इथेच मिटतात: ‘फळासारखा वास येतो, म्हणून एस्टर तयार झाले.’ चंबूत मात्र दोन्ही आम्लं आहेत, उरलेलं अल्कोहोल आहे, पाणी आहे. नाकाला त्यातलं काही कळत नाही.

(दृश्य: सेपरेटिंग फनेल, जवळून)

थंड पाणी ओतलं, हलवलं, ठेवून दिलं. बघा, रेघ उमटतेय. एस्टरची घनता ०.८८च्या आसपास, म्हणून ते वर, पाणी खाली. कोणता थर कोणता, अशी शंका आली तर वरून पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि तो कुठे जाऊन मिसळतो ते पाहायचं. खात्री होईपर्यंत कुठलाही थर फेकायचा नाही.

मग सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण. आम्लाची खोड इथे दिसते. आधी बूच न लावता नुसतं घोळवायचं, फेस बसू द्यायचा. नंतर बूच लावून, फनेल उलटं धरून तोटी उघडायची. हा आवाज ऐकलात? आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटला. कंटाळा केला, तर बूच उडतं आणि निम्मं एस्टर टेबलावर. बुडबुडे थांबेपर्यंत धुवायचं, शेवटचा हात मिठाच्या संपृक्त पाण्याचा.

(दृश्य: गढूळ द्रव, त्यात पांढरी पूड)

गढूळपणा म्हणजे राहिलेलं पाणी. निर्जल सोडियम सल्फेटचा पहिला चमचा गोळा होऊन बसला. दुसऱ्याचे कण सुटे राहिले, तळाशी भुरभुरताहेत. द्रव नितळ झाला. ही पायरी गाळली, तर पुढच्या ऊर्ध्वपातनात, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ वेगळ्या भांड्यात थंड करताना, पाणी आणि एस्टर जोडीनं, १०० अंशांच्या आतच निघून येतात.

(दृश्य: थर्मामीटर)

पारा चढतोय. १३१ अंशांच्या आसपास उरलंसुरलं अल्कोहोल येतं. ते वेगळ्या भांड्यात. १३७ ओलांडल्यावर भांडं बदललं. १४०. १४१. १४२ अंशांवर पारा थबकला.

(इथे निवेदन नाही. थेंबांचा आवाज.)

हाती आलं १२ ग्रॅम, हिशेबानं १८ येऊ शकलं असतं. धुण्याचं पाणी उदासीन करून टाकाऊ द्रवाच्या कॅनमध्ये गेलं. बाटलीवर चिठ्ठी: नाव, तारीख, १३७ ते १४३ अंश.